सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतल्यानंतर

(शनिशिंगणापूर येथे भरलेल्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी दिलेले व्याख्यान)



आम्हांस या व्यासपीठावर बोलावण्यात कार्यकारी मंडळाने थोडे धाडसच केले आहे. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत. त्यानंतर शिक्षकाचे प्रशिक्षण. आणि पुढे सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौथीपर्यंतच्या मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेली. अशा माणसाने पदवीच्याही पुढल्या शिक्षणाविषयी बोलावे, हे काहींस विचित्र वाटेल. परंतु गेली काही वर्षे आपल्या समाजातील पालक आमच्याकडे वारंवार एकच प्रश्न घेऊन येतात. मुलगी किंवा मुलगा बी.एस्सी. झाला, विषय मायक्रोबायोलॉजी, म्हणजे आपल्या भाषेत सूक्ष्मजीवशास्त्र. आता पुढे काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही नगरला गेलो, पुण्यास गेलो, प्राध्यापकांस भेटलो, शिकत असलेल्या मुलांशी बोललो, आणि जे समजले ते वहीत उतरवून घेतले. ती वही आज आपल्यापुढे उघडीत आहोत. ही खटपट आम्ही का केली याचे आणखी एक कारण आहे. ते योग्य ठिकाणी सांगू.

प्रथम हा विषय कशाचा, ते माता-भगिनींसाठी सांगतो. कारण घरात मुलीच्या शिक्षणाचा निर्णय होताना शेवटचा शब्द पुष्कळदा त्यांचा असतो. डोळ्यांना न दिसणारे जे जीव आहेत, जंतू, बुरशी, किण्व, विषाणू, त्यांचा अभ्यास म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र. त्यांची आपणांस ओळख नाही असे मुळीच नाही. दुधास विरजण लावणारी प्रत्येक गृहिणी रोज रात्री जंतूंची पेरणी करीत असते. लोणच्याच्या बरणीत तेल वर आले पाहिजे हा आपल्या तेली समाजातील बायकांचा नियम तर कोणत्याही पुस्तकात शोभावा असा आहे. तेलाच्या थरामुळे हवा आत जात नाही, आणि बुरशीस वाढण्यास हवा लागते. फार काय, प्रयोगशाळेत जंतू ज्या थिजलेल्या खाद्यावर वाढवितात त्याची युक्तीही स्वयंपाकघरातूनच आली. जर्मनीत रॉबर्ट कॉक या थोर शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत १८८१ च्या सुमारास जंतू वाढविण्यासाठी जिलेटिन वापरीत. ते उन्हाळ्यात पातळ होई. तेथे काम करणाऱ्या हेसे नावाच्या संशोधकाच्या पत्नीने, फॅनी हेसे यांनी, समुद्रशैवलापासून मिळणारा अगर सुचविला. त्या घरी मुरंब्यासारखे पदार्थ घट्ट करण्यास तो वापरीत असत. आजही जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत त्या गृहिणीचाच अगर चालतो.

आता आपल्या धंद्याची गोष्ट. आपले वाडवडील घाण्यावर तेल काढीत आले. शेंगदाण्याचे तेल गिऱ्हाइकास जाई, पेंड गोठ्यात जाई. १९६० साली इंग्लंडमध्ये एकाएकी लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्यास नुसतेच ‘टर्की एक्स रोग’ असे नाव दिले. शोध घेता घेता संशय खाद्यावर गेला, आणि त्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड निघाली. त्या पेंडीवर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती व तिने एक विष तयार केले होते. बुरशीच्या नावातील अक्षरे घेऊन त्या विषास अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ते यकृतास घातक आहे व दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आपल्याच देशात १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी भागात पावसात भिजून बुरसटलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे या विषाने दगावली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पेंडीशी ज्यांचा शेकडो वर्षांचा संबंध त्या आपल्या समाजास ही माहिती सर्वांच्या आधी हवी होती, आणि ती सर्वांच्या शेवटी मिळाली. बुरशी लागलेले शेंगदाणे घाण्यात घातले तर विषाचा मोठा भाग पेंडीत उतरतो. ती पेंड गाईने खाल्ली तर त्याचा काही अंश दुधात येतो. कारखान्यात तेल शुद्ध करताना जी क्षाराची प्रक्रिया होते तीत तेलातील विष बव्हंशी निघून जाते. परंतु लाकडी घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होत नाही. हल्ली लाकडी घाण्याच्या तेलास पुन्हा मागणी आली आहे, आपल्यातील काही तरुणांनी नवे घाणे घातले आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. पण शेंग नीट वाळलेली आहे काय, काळवंडलेला, सुरकुतलेला दाणा निवडून काढला आहे काय, आणि मालाची तपासणी कोठे करून घ्यावी, हे सांगणारे माणूस आपल्या समाजात किती आहेत? ज्या घरात घाणा आहे त्याच घरात सूक्ष्मजीवशास्त्राची जाणकार मुलगी असावी, याहून चांगला योग आम्हांस तरी दिसत नाही.

बरे, हे शास्त्र काही परमुलखातले राहिलेले नाही. आपल्या महाराष्ट्रात त्याचा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने उभा राहिला व देशात पेनिसिलिन होऊ लागले. पेनिसिलिन म्हणजे बुरशीपासून मिळणारे औषध. जी बुरशी पेंडीत विष करते तिच्याच दूरच्या भावंडापासून हे संजीवक औषध निघते, ही निसर्गाची मौज आहे. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले; १९७८ पासून त्यास राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. मार्च २०२० मध्ये भारतातील रुग्णांपासून कोरोनाचा विषाणू वेगळा करून वाढविला तो याच संस्थेने.

मार्च २०२० म्हटले की या शिंगणापूरकरांस काय आठवत असेल ते सांगावयास नको. या गावच्या घरांस दारे नाहीत, दारास कुलपे नाहीत. २०११ साली येथे बँकेची शाखा निघाली तीही कुलपाविना. शनिमहाराजांची शिळा तर उघड्या चौथऱ्यावर, तीवर छप्परदेखील नाही. असे हे कधीही बंद न होणारे गाव. पण त्या वर्षी राज्यातील सर्व देवस्थानांबरोबर येथील दर्शनही बंद झाले ते १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत. ज्या शिळेवर आपल्या घाण्याचे तेल पिढ्यान् पिढ्या वाहिले गेले तिच्यापुढे यात्रेकरू नाही, असे दिवस आम्ही पाहिले.

याच दिवसांत घडलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. मघाशी ज्या कारणाचा उल्लेख केला ते हेच.

साल २००९. आमची एक जुनी विद्यार्थिनी, आपल्याच समाजातील एका घाणेवाल्याची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाली. पुण्यास एम.एस्सी.करिता तिचे नाव लागले. फी भरावयास निघण्यापूर्वी तिचे वडील आमच्याकडे सल्ला विचारावयास आले; आमच्या शब्दावर त्यांचा फार विश्वास. आम्ही त्यांस म्हणालो, “दोन वर्षे पुण्यास ठेवाल, खर्च कराल, आणि शेवटी मुलगी शिक्षिकाच होणार. त्यापेक्षा बी.एड. करू द्या, जवळच्या जवळ काम होईल.” या विषयातील आम्हांस ओ की ठो कळत नव्हते; परंतु ‘आम्हांस माहीत नाही’ हे तीन शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. मुलीने बी.एड. केले. कायम नोकरी लागली नाही. आज ती एका शाळेत तासिकेवर शिकविते.

२०२० च्या उन्हाळ्यात आम्ही तिला सहज फोन केला आणि विचारले की, नाकात काडी घालून ही जी तपासणी करतात ती आहे तरी काय? तिने अर्धा तास समजावून सांगितले. विषाणूचा अंश इतका थोडा असतो की तो तसा ओळखता येत नाही; म्हणून त्याच्या जनुकीय द्रव्याची प्रत काढतात आणि मग ती प्रत दुप्पट, त्याच्या दुप्पट, पुन्हा दुप्पट अशी वाढवीत नेतात. “गुरुजी, तुम्हीच दुपटीचा पाढा शिकविलात,” ती म्हणाली. आम्ही फोन ठेवून कागदावर गणित मांडले. एकाची तीस वेळा दुप्पट केली तर शंभर कोटींच्या वर आकडा जातो! जन्मभर पाढे शिकविले, पण त्यांचा हा उपयोग आम्हांस ठाऊक नव्हता. फोन ठेवण्यापूर्वी ती एवढेच म्हणाली, “माझ्या वर्गातल्या दोघी सध्या अशाच प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम करताहेत.” तिने दोष दिला नाही. तिच्या वडिलांनीही कधी दिला नाही. तो आमचा आम्ही घेतला आहे, आणि म्हणूनच ही वही घेऊन हिंडलो.

आता मुख्य विषयाकडे वळू. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र ही पदवी एकटी फार दूर नेत नाही. तेवढ्यावर औषधांच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम मिळते, पण बढतीच्या वेळी एम.एस्सी. झालेला पुढे जातो. म्हणून पुढे शिकावयाचे हे ठरवूनच बोलणे बरे. परंतु ‘एम.एस्सी. करावयाचे’ एवढे म्हणून भागत नाही. वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाट निराळ्या गावास जाते.

सरळ वाट म्हणजे एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र. आपला जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठाच्या आवारातील विभागात प्रवेश हवा असेल तर त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संलग्न महाविद्यालयांत बहुधा पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. तीन वर्षांची पदवी घेतलेल्यास एम.एस्सी. दोन वर्षांची. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे जे चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतील त्यांस ती एका वर्षाची. आणि चार वर्षांच्या पदवीत पंचाहत्तर टक्के गुण असतील तर सरळ पीएच.डी.च्या प्रवेशासही पात्र होता येते, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२ चा नियम आहे. ज्यांची मुले आज पहिल्या-दुसऱ्या वर्षास आहेत त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तिसऱ्या वर्षी थांबावे की चौथे करावे, हा निर्णय आता घरात बसून विचारपूर्वक घ्यावयाचा आहे.

दुसरी वाट जैवतंत्रज्ञानाची, म्हणजे बायोटेक्नॉलॉजीची. पुष्कळ पालकांस हे दोन्ही एकच वाटते. तसे नाही, परंतु सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीधरास ते दार उघडे आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त दोन वर्षांची एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी आहे, तिचा प्रवेश ‘जॅम’ या अखिल भारतीय परीक्षेतून होतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साह्याने निरनिराळ्या विद्यापीठांत जे अभ्यासक्रम चालतात त्यांची परीक्षा निराळी, तिचे नाव ‘गॅट-बी’. तेथे निवड झालेल्यांस दरमहा विद्यावेतनही मिळते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून पदव्युत्तर प्रवेशाची सामाईक परीक्षा आहे. आम्ही विचारले तेव्हा नगरकडील बऱ्याच मुलांनी या परीक्षांची नावे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रथम ऐकल्याचे सांगितले. तोवर अर्जाची मुदत केव्हाच टळून गेलेली असते. बुद्धी कमी पडत नाही, वार्ता कमी पडते.

तिसरी वाट वैद्यकीय. काही वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. मेडिकल मायक्रोबायोलॉजी असते. ती बहुधा तीन वर्षांची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ती केल्याने मुलगी डॉक्टर होत नाही. एम.डी. मायक्रोबायोलॉजी ही पदवी एम.बी.बी.एस. झालेल्यांचीच. या वाटेने जाणाऱ्याने ते आधी नीट समजून घ्यावे. मग रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत व वैद्यकीय शिक्षणात काम आहे.

शेतीच्या बाजूविषयी आम्हांस फार उत्साह होता, कारण राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ अगदी शेजारी. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र व कृषी अणुजीवशास्त्र असा विभाग आहे. हरभऱ्याच्या व भुईमुगाच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र जमिनीत आणणारे रायझोबियम, तसेच ॲझोटोबॅक्टर, ही जिवाणू खते आपल्यातील शेतकऱ्यांनी पाहिलेली आहेत. पण चौकशी करता असे कळले की, कृषी विद्यापीठांतील एम.एस्सी.करिता बहुतेक ठिकाणी कृषी शाखेचीच पदवी लागते. तेव्हा ज्यांस या बाजूस जावयाचे त्यांनी बारावीनंतरच तसा विचार करावा, साध्या बी.एस्सी.वाल्याने अर्जाची फी भरण्यापूर्वी पात्रतेची अट दोन वेळा वाचावी. आमचा येथे थोडा हिरमोड झाला, हे कबूल करतो.

त्याची भरपाई साखरेने केली. हा आपला जिल्हा सहकारी साखरेचा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, आणि येथून जवळच सोनईस मुळा कारखाना आहे. उसाची तोड झाल्यावर मोळ्या जितक्या जास्त वेळ पडून राहतील तितके ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू त्यांतील साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. रस दाट होतो, साखर घटते. तोडणी लांबली की उतारा का कमी पडतो याचे हे एक कारण शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. पुढे मळीपासून मद्यार्क करतात ते किण्वाच्या जोरावर. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल ते हेच. किण्व कोणते घ्यावे, उष्णता किती ठेवावी, परके जंतू शिरू नयेत म्हणून काय करावे, हे सर्व सूक्ष्मजीवशास्त्राचे काम. पुण्याजवळ मांजरीस वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली निघालेली संस्था आहे. तेथे आसवनीच्या व मद्यार्क तंत्राच्या शिक्षणाची सोय आहे. ज्या मुलास गाव सोडून फार दूर जावयाचे नाही, पण शिक्षण कामास यावे असे वाटते, त्याने ही वाट अवश्य पाहावी. मद्यार्काचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडल्या असतील. त्यांनी गाडीत पेट्रोल भरताना तिकडे पाहावे.

खाद्यपदार्थांच्या तपासणीचे क्षेत्र आपल्या धंद्यास सर्वांत जवळचे. अन्नसुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार सरकारी अन्न विश्लेषक होण्यास ज्या पदव्युत्तर पदव्या चालतात त्यांत सूक्ष्मजीवशास्त्र आहे. पदवीनंतर अनुभव व परीक्षा द्यावी लागते. तेलाचा, दुधाचा, मसाल्याचा धंदा जोवर आहे तोवर हे काम संपावयाचे नाही.

आता महाविद्यालय निवडावे कसे? आम्ही इमारत पाहत नाही, प्रयोगशाळा पाहतो. पुण्यातील एका महाविद्यालयात एका विद्यार्थ्याने आम्हांस हिंडवून दाखविले. तेथे ऑटोक्लेव्ह म्हणून एक भांडे असते. आपल्या प्रेशर कुकरचाच तो थोरला भाऊ. त्यात १२१ अंशांवर, दाबाखाली, सामान्यतः पंधरा मिनिटे ठेवून सर्व काही निर्जंतुक करतात. आम्ही त्यास विचारले, हे चालू असते का? त्याने हसून सांगितले की, रोज दोन वेळा. मग विचारले, काचेच्या तबकडीत खाद्य तू स्वतः ओततोस की शिपाई ओततो? त्याने आपले हात पुढे केले. बोटांवर भाजल्याच्या खुणा होत्या. आम्हांस ते महाविद्यालय पसंत पडले. याउलट असेही एक ठिकाण पाहिले की, जेथे यंत्रे मखमली आच्छादनाखाली झाकलेली होती आणि मुलांस ती फक्त परीक्षेच्या दिवशी दिसत. फी मात्र तेथे दुप्पट होती. पालकांनी प्रवेशापूर्वी एकदा प्रयोगशाळेत जावे, शिकत असलेल्या मुलांस बाजूस घेऊन विचारावे, कायम शिक्षक किती आहेत ते पाहावे. बैल घेताना आपण दात मोजतो. येथे तर मुलांची दोन वर्षे द्यावयाची आहेत.

पैशाविषयी थोडे बोलतो. आपला समाज इतर मागासवर्गात मोडतो. त्यामुळे ज्या सवलती मिळतात त्यांसाठी जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात, आणि ती प्रवेशाच्या आठवड्यात मिळत नाहीत. तहसील कचेरीचा अनुभव सर्वांस आहेच. कोणती सवलत कोणत्या अभ्यासक्रमास लागू, हे महाविद्यालयाच्या कार्यालयातच विचारून घ्यावे. एम.एस्सी.च्या पुढे मात्र चित्र पालटते. सी.एस.आय.आर. व विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या ‘नेट’ परीक्षेत जीवशास्त्र विषयात जो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होतो त्यास संशोधनाची शिष्यवृत्ती मिळते. जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये आहे. म्हणजे पीएच.डी. करणारी मुलगी बापाच्या घरून पैसे नेत नाही. इतर मागासवर्गीयांकरिता राज्य सरकारची नागपूर येथील ‘महाज्योती’ ही संस्था २०१९ साली निघाली, तीही पीएच.डी. करणाऱ्यांस अधिछात्रवृत्ती देते. शिकण्यास पैसा लागतो हे आपण जाणतो. शिकल्याबद्दल पैसा मिळतो हे आपल्यातील पुष्कळांस अजून खरे वाटत नाही.

परदेशाविषयी आम्ही फार बोलणार नाही, कारण तिकडील माहिती ऐकीव आहे. एवढे मात्र पक्के कळले की, अमेरिकेत विज्ञानातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास बहुधा फी माफ होते व विद्यावेतन मिळते. नुसत्या मास्टर पदवीस मात्र आपलाच पैसा लागतो. दलाल सांगतात ती ही दुसरी गोष्ट. जमीन गहाण टाकून वर्षभराची पदवी आणण्यापूर्वी हा भेद समजून घ्यावा.

मुलींविषयी एक शब्द बोलल्यावाचून आम्हांस खाली बसवत नाही. कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, या मराठी मुलीने मुंबई विद्यापीठाची पदवी वरच्या क्रमांकाने घेऊन १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. सर सी. व्ही. रामन हे तेथील संचालक. त्यांनी ती स्त्री आहे म्हणून प्रवेश नाकारला. मुलगी मागे फिरली नाही. अखेर वर्षभर काम पाहून मग कायम करू, अशा अटीवर तिला घेतले. आणि तिचे काम पाहिल्यावर त्या संस्थेची दारे इतर मुलींसही खुली झाली. १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. तिचा विषय जीवरसायन, म्हणजे आपल्या विषयाचा सख्खा शेजारी. रामन यांच्यासारख्या थोर माणसाचा अंदाज चुकला, मग आमच्यासारख्या पाढे शिकविणाऱ्याचा चुकला यात नवल नाही. फरक एवढाच की, तेथे मुलगी अडून बसली, आणि आमच्या येथे मुलीने गुरुजींचा शब्द मानला.

म्हणून आजच्या सत्कारमूर्तींतील ज्या तिघींनी व एका मुलाने हा विषय घेतला आहे, त्यांच्या पालकांस आमची विनंती आहे की, निर्णय घेण्यापूर्वी आमच्यासारख्या म्हाताऱ्यास विचारावे, पण तेवढ्यावर थांबू नये. जी आमची विद्यार्थिनी आम्ही सांगितली ती आज येथे आली आहे. तिने प्रत्येक परीक्षेचा अर्ज साधारण कोणत्या महिन्यात निघतो याचा तक्ता स्वतः तयार करून आणला आहे. ‘जॅम’चा अर्ज सप्टेंबरच्या सुमारास निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे तयारी तिसऱ्या वर्षाच्या आरंभीच हवी. भोजनानंतर ती सभामंडपाच्या डाव्या बाजूस बसणार आहे. मुलांनी वही-पेन घेऊन यावे, आणि वडिलांनी बरोबर यावे.

अध्यक्षमहाराजांनी दिलेल्या वेळेपेक्षा आम्ही दहा मिनिटे अधिक घेतली, त्याबद्दल क्षमा असावी.